आधी धुवायचं, मग न्यायचं

जानेफळ,
कोजागिरीनंतरचा बुधवार

प्रिय ज्ञानेश्वर,

जयमाला जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. घशातली नळी काढली आहे, आवाज घोगरा झाला आहे, मान अजून उशीवरून उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, उचलेल. पेज पिते. काल तिने विचारलं, म्हैस कोण पिळतं? मी म्हटलं, मीच. त्यावर ती हसली, कारण म्हैस मला लाथ मारते हे तिला चांगलं माहीत आहे.

डॉक्टर फहीमही जिवंत आहे. तू रुक्मिणीमावशीजवळ बायकोची रोज चौकशी करतोस असं कळलं. त्याची एकदाही केली नाहीस, असंही कळलं. म्हणून न विचारता सांगते. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. आत पट्ट्या घालून जोडली आहेत, पण अंगठा आणि शेजारचं बोट मिटत नाहीत. बरगड्या मोडल्या आहेत. डाव्या कानात नुसती शिट्टी वाजत राहते म्हणतो. हलत्या रुग्णवाहिकेत, रोग्याच्या थरथरणाऱ्या हातात शीर शोधून सुई घालणं हे त्याचं काम होतं. आता त्याला शर्टाचं बटण त्याची आई लावून देते. मी अकोल्याला जाऊन पाहून आले. त्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

आता इकडे काय शिजतंय ते ऐक. तुझ्या चुलत्यांनी, उत्तमराव मोठेबाबांनी, वकील गाठला आहे. तुझ्यावरची केस पातळ करायची तर डॉक्टरवर उलटी केस टाकायची, अशी युक्ती निघाली आहे. त्याने बेशुद्ध बाईच्या अंगावर वाईट हेतूने हात टाकला, नवऱ्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याचा तोल गेला. साक्षीदार जयमाला आणि मी. आम्ही दोघींनी सह्या केल्या की फहीमपुढे दोनच वाटा राहतात. आपली तक्रार मागे घ्यायची, नाहीतर जन्मभर हा डाग कपाळावर घेऊन फिरायचं. मोठेबाबा याला ‘मिटवणं’ म्हणतात. तू घरी येशील आणि त्या पोराचं नाव मातीत जाईल, इतका साधा सौदा आहे. म्हणून त्या दिवशीचं सगळं मी एकदा लिहून काढते. तू वावराच्या दुसऱ्या टोकाला होतास. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. तू शेवट पाहिलास. सुरुवात मी पाहिली.

खरी सुरुवात त्या दिवसाचीही नव्हे. पेरण्या आटोपल्यावर फहीम शाळेच्या हॉलमध्ये फवारणीबद्दल सांगायला आला होता, आठवतं? तू मागच्या बाकावर होतास. तो म्हणाला, अंगावर औषध सांडलेला माणूस गाडीत टाकून पळालो, तर विषही सोबत घेऊन पळतो. ते कपड्यांतून, केसांतून अंगात मुरतच राहतं. म्हणून आधी धुवायचं, मग न्यायचं. पाठीमागून तू ओरडलास, “डॉक्टर, तुमची गाडी दवाखान्याची हाय का धोब्याची?” अख्खा हॉल हसला. फहीमही हसला. “धोब्याचीच समजा भाऊ, फक्त इस्त्री करत नाही आम्ही,” म्हणाला. तेव्हापासून गावात त्या गाडीचं नाव ‘धोब्याची गाडी’ पडलं.

मी हसले नाही. मी उभी राहून विचारलं, हे तुम्ही कशावरून म्हणता? तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंय, कोणी कोट घातला म्हणून मी मान डोलावत नाही. तो म्हणाला, आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या मॅडमबरोबर मागच्या हंगामांतले रोगी तपासले. जागेवर धुऊन आणलेले आणि तसेच ओले आणलेले, अशी तुलना केली. मी म्हटलं, ज्यांना धुवायला उसंत मिळाली ते मुळातच कमी आजारी असतील. ज्याचा जीव चालला त्याला कोण धूत बसतं? तुमची तुलना लंगडी आहे. त्याने टाचण मिटलं आणि म्हणाला, “मॅडम, हेच मला आमच्या मॅडमनी विचारलं होतं. तेव्हा मला घाम फुटला होता.” मग त्याने सांगितलं, की त्यांनी पुन्हा बसून आजाराच्या जोराप्रमाणे रोगी वेगळे केले. अत्यवस्थ अत्यवस्थांशी ताडले, हलके हलक्यांशी. तरी फरक उरला. धुतलेल्यांना इंजेक्शनं कमी लागली, श्वासाच्या मशीनवरून ते लवकर उतरले. “रोगी अजून थोडे आहेत, छातीठोक सांगत नाही,” म्हणाला, “पण धुतल्याने कोणाचं बिघडलं, असं एकही उदाहरण हाती लागलं नाही.” मला तो माणूस पटला. आपलं म्हणणं किती कच्चं आहे ते स्वतःहून सांगणारा मी फार क्वचित पाहिला आहे.

त्याच सभेत आमच्या जाऊबाईंनी, तुझ्या मोठीआईने, मिठाच्या पाण्याचं काढलं. विष पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून ओकवायचं, हे आपल्याकडे लेकरालाही माहीत असतं. फहीम म्हणाला, नका पाजू, शुद्ध नसलेल्याच्या ते फुप्फुसात जातं. लगेच मोठीआई म्हणाली, “मंग आमचा पंजाबराव काऊन जिता हाय? त्याले तं मीच तांब्याभर पाजलं होतं.” आणि पंजाबराव उठून सर्वांना हात जोडून दाखवू लागला, निवडून आल्यासारखा. सगळ्यांना तो पुरावा पुरला. ज्यांना पाजलं आणि जे गेले, ते काही हॉलमध्ये येऊन उभे राहू शकत नव्हते.

त्यानंतर बोंडअळी आली. अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बियाण्याच्या बोंडातच अळी निघाली. सगळ्या शिवारात जो तो पंप पाठीला बांधून धावत सुटला. यवतमाळकडून माणसं मेल्याच्या बातम्या आल्या तसे मजूर यायचे बंद झाले, आणि तू म्हणालास, घरचंच करू. दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन औषधं एकत्र केलीस, वर एक पूड घातलीस. हातमोजे आणि मास्क माजघरातल्या खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत तसेच लटकत होते. आजही आहेत. नवा पंप तू घेतलास, जुना जयमालाच्या पाठीवर दिलास. त्याच्या झाकणातून गळत होतं. ती बोलली नव्हती का? माझ्यासमोर बोलली होती. “गयते हा,” म्हणाली. तू म्हणालास, थोडंच राह्यलं.

मी भाकरी घेऊन धुऱ्याच्या बांधावर आले तेव्हा ती ड्रमजवळ पडलेली होती. पाठ, केस, कमरेपर्यंतचं लुगडं, सगळं औषधाने चिंब. तोंडाला फेस, नाकातून पाणी, दंडाचं मांस कातडीखाली आपोआप वळवळत होतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी गाडीला फोन लावला आणि तुला हाका मारल्या. तुझ्या पंपाच्या आवाजात त्या तुला ऐकू गेल्या नसतील. शेजारच्या वावरातून लोक जमले. मोठीआई तांब्या घेऊन धावत आलीच.

गाडी डोणगावकडून लवकर आली. फहीम आणि चालक कचरू. फहीमने पाहिलं, तोंडात नळी घालून फेस ओढला, हातात सुई घातली, इंजेक्शन सुरू केलं. मग मला म्हणाला, “मॅडम, कपडे काढायचे. तुम्ही काढा, मी पाठ फिरवतो. साबण डोक्यापासून.” लोक ओरडू लागले, “अरे, गाडी काढा ना! मेहकरले न्या! इथं काय आंघोय घालता?” तो म्हणाला, आधी धुवायचं, मग न्यायचं. मी आणि बायकांनी चादर धरली. तेवढ्यात मोठीआई चादरीखालून शिरली आणि जयमालाच्या तोंडात तांब्या ओतू लागली. तिला खोकला फुटला, ओठ निळे पडले. फहीम झटक्यात वळला आणि त्याने हाताने तांब्या उडवला. तांब्या मोठीआईच्या कपाळाला लागला. ती किंचाळली. जयमालाला असा काही झटका आला, की ब्लाउजच्या गुंड्या मला सुटेनात, तिचे दात कडाकडा वाजत होते. मीच ओरडले, “डॉक्टर, कापा!” माझे शब्द आहेत, ज्ञानेश्वर. त्याने खिशातून कात्री काढली आणि कापलं.

पऱ्हाटीच्या शेवटच्या ओळीतून तू बाहेर आलास तेव्हा चादर एका बाजूला सुटली होती. कपाळ धरून रडणारी मोठीआई तू पाहिलीस, उघडी पडलेली बायको पाहिलीस आणि तिच्यावर कात्री घेऊन वाकलेला माणूस पाहिलास. त्याचं नाव काय आहे, तेही त्या क्षणी तुला आठवलं असेल. औषध ढवळायचा बाभळीचा दांडा ड्रममध्ये होता. तो तू उचललास आणि पहिला घाव त्याच्या पाठीत घातलास. तो तोंडावर आपटला.

तो घाव तू न समजता घातलास, हे मी मान्य करीन. कोणापुढेही करीन. पण मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. तुझी छाती दोन्ही हातांनी मागे रेटली आणि सांगितलं, “मी सांगितलं कापायला. मी.” तू माझ्याकडे पाहिलंस. तुला ऐकू आलं होतं, कारण तू मला उत्तर दिलंस. “बाजूले हो, माय,” म्हणालास आणि मला बाजूला ढकललंस. मग दुसरा घाव घातलास. त्याने डोकं वाचवायला हात वर केला होता, त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला आला. तिसरा कानावर. तो ओरडतही नव्हता. जयमालाच्या हातात सुई लावली होती, ती नळी तो डाव्या मुठीत धरून होता, ओढली जाऊ नये म्हणून.

पुढे तुझी गरजच उरली नाही. कोणीतरी ओरडलं, “बाईले नागवं केलं यानं,” आणि कोणीतरी त्याच्या धर्माला शिवी दिली. त्यासरशी जे नुसते बघत होते तेही धावले. पंजाबराव, ज्याला सलाइन लावून याच फहीमने मागच्या साली मेहकरला पोचवलं होतं, तो त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. चप्पल निघाली तर थांबून पायात घातली आणि पुन्हा मारू लागला. कचरू गाडीकडे पळाला, त्याला दाराशी गाठलं. त्याचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. भुवईपासून गालापर्यंत कातडी उलली. काचेवर दगड पडले. औषधाच्या बाटल्यांची पेटी कोणी उलटी केली आणि त्यावर नाचले. मी माझ्या आयुष्यात वर्गातल्या पोरांना पट्टीने मारलं असेल. त्या दिवशी तुझ्या हातातला दांडा हिसकून मी तुझ्याच खांद्यावर घातला, सगळा जोर लावून. तो खांदा अजून दुखत असेल. दुखू दे. तू तेव्हा थांबलास. खाली पाहिलंस, हातांकडे पाहिलंस आणि पऱ्हाटीत शिरून निघून गेलास. बायको तशीच पडली होती.

दांडा माझ्या हातात होता. मी गर्दीतल्या एकेकाला नावाने हाक मारली. त्यातले निम्मे माझ्या वर्गात बसलेले. पांगले. फहीम मातीत एका कुशीवर होता, तोंडातून रक्त येत होतं. मला वाटलं गेला. तो म्हणाला, “मॅडम, केस. केसांत खूप असतं.” मी जयमालाचे केस धुतले. पाणी कोणी ओतलं सांगू? मोठीआईने. कपाळावर टेंगूळ, डोळ्यांत पाणी, आणि बादलीमागून बादली. न फुटलेल्या बाटल्या शोधून फहीमने डाव्या हाताने दाखवल्या, मी सुया भरल्या, मी टोचल्या. किती, केव्हा, तो सांगत होता. मध्येच त्याला घेरी यायची, मी थोबाडीत मारून जागं करायची. मग एकाच डोळ्याने बघणाऱ्या कचरूने काच नसलेली गाडी मेहकरपर्यंत हाकली. मागे एका बाकावर जयमाला, एका बाकावर फहीम, मधे मी.

त्या संध्याकाळी गावात कादरच्या वेल्डिंगच्या दुकानाचं शटर वाकवलं. त्याचा काय संबंध? त्याने दार लावून घेतलं आणि लेकरं लोणारला सासरी पाठवली. हेही तुझ्या खात्यात मोडतं, असं मी धरते.

आता पारावर म्हणतात, जयमाला वाचली ना, मग झालं. कोणी म्हणतं धुतलं म्हणून वाचली, कोणी म्हणतं मोठीआईचं दोन घोट पाणी पोटात गेलं म्हणून. मला विचारतात. मी सांगते, एका जयमालावरून काही सिद्ध होत नाही. ती वाचली नसती तरी फहीमचं बरोबरच होतं, आणि ती वाचली म्हणून तुझं कमी चूक होत नाही. हे कोणाला कळत नाही. न कळो.

सोमवारी मोठेबाबा दवाखान्यात कागद घेऊन आले. जयमालाला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, “मोठेबाबा, मले तं शुद्धच नोती. मंग त्यानं कसा हात लावला, हे म्या कसं सांगावं?” ते म्हणाले, “बाई, तुले फक्त सही करायची हाय. आठवायचं काम वकिलाचं.” तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मान उचलत नाही, पण फिरवता येते. मग ते माझ्याकडे वळले. “मंजुळाबाई, पोरगं जेलात जाईन. तुमी माय हा का मास्तरीण?” मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, तुझे बाबा असते तर असं झालं नसतं. मी सांगते, असते तर त्यांनी तुला दांड्याने नाही, हाताने धरून ठाण्यात नेलं असतं. मोठेबाबा स्वतःच्या भावाला ओळखतच नव्हते.

काल फहीमचा फोन आला. थकलाय. म्हणाला, “मॅडम, मी मागे घेतो तक्रार. आई घाबरते. मला पुन्हा त्या गाडीवर जायचंही नाही.” मी त्याला झापलं. म्हटलं, तुझा हात बरा होईल की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी कोणाची तरी बायको धुऱ्यावर पडेल, आणि तुझ्या जागी आलेला पोरगा मार खायच्या भीतीने तिला तशीच ओली गाडीत टाकेल. तुझ्या तपासणीत मग त्या बाईला कुठल्या रकान्यात घालशील? तो म्हणाला, ठीक आहे, राहू देतो तक्रार.

आज सकाळी जयमालाने आणि मी पोलिसांना जबाब दिले. तिचा एका ओळीचा आहे, मला काही आठवत नाही. माझा लांब आहे. चादर कोणी धरली, कात्री कोणी चालवायला सांगितली, पहिला घाव, मी तुला काय सांगितलं, तू काय उत्तर दिलंस, दुसरा घाव. मी तुला दांड्याने मारलं, तेही लिहवून घेतलं. पंजाबरावचं नाव आहे. मोठेबाबांच्या कागदाचाही उल्लेख आहे. तू लोणारला मावशीच्या माडीवर आहेस, हेही मी सांगितलं. रुक्मिणीला फोनवर खोटं बोलता येत नाही, पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.

हे पत्र तुझ्या हातात देणारे गृहस्थ इंगळे जमादार आहेत. माझे विद्यार्थी. मी त्यांना एवढंच मागितलं, की पकडण्याआधी त्याला हे वाचू द्या, आणि ते कबूल झाले. आता ते खाली ओसरीवर बसलेले असतील. तू स्वतःच्या पायांनी जावंस, एवढ्यासाठी हे लिहिलं. गच्चीवरून शेजारच्या पत्र्यावर उडी मारायचं मनात आणू नकोस, त्या गल्लीत दुसरा शिपाई उभा आहे. कोणावर हात उचलू नकोस. मावशीच्या पाया पड, जिना उतर आणि आपलं नाव सांग. तुला कोर्टात उभं करतील त्या दिवशी मी असेन. तुझ्याविरुद्ध बोलेन. मग बाहेर थांबेन, पिशवीत तुझ्यासाठी भाकरी आणि ठेचा असेल. ते देऊ देतात का, हे जमादारांना विचारून ठेवलं आहे. देतात.

तुझीच,
आई